हलकी घडीची खुर्ची : माल भरण्यापूर्वी आणि शिवण्यापूर्वी

पावसाळा सुरू झाला की पुण्या-मुंबईची माणसे जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरांकडे धाव घेतात. नाणेघाट, माळशेज, हडसर, चावंड, जीवधन, खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड, इकडे डिंभे धरणाचा काठ आणि भीमाशंकरचे रान. २०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले. जुलै २०२५ मध्ये शिवनेरी किल्ल्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. येणारे लोक वाढत आहेत. पण त्यांच्या खिशातून आपल्या बाजारपेठेत काय उतरते? चहा, वडापाव आणि पंक्चरचे पैसे. तंबू, दिवे, खुर्च्या हा मोठ्या किमतीचा माल ते शहरातूनच बांधून आणतात.

या गिऱ्हाइकांत आता सायकलवाल्यांची भर पडली आहे. सायकलीच्या चौकटीत, हँडलवर आणि सीटच्या मागे पिशव्या आवळून, मुक्कामाचे सारे सामान घेऊन ते आडवाटांनी फिरतात. या प्रकाराला बाईकपॅकिंग म्हणतात. दिवसभर चढ चढून आलेल्या माणसाला ओल्या जमिनीवर बसवत नाही, म्हणून त्याला खुर्ची हवी असते. पण ती कोणती, हे विकणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर त्याचे भांडवल दोन-दोन हंगाम फळीवर पडून राहते. म्हणून आज आम्ही या एका वस्तूची पारख कशी करावी, ते पाहणार आहोत.

आधी गिऱ्हाईक ओळखा

घडीची खुर्ची मागणारे सगळे एकसारखे नसतात. सायकलवाला ग्रॅम मोजतो. त्याला एक किलोच्या आतली वस्तू हवी. मोटारसायकलवाल्याला दोन-तीन किलो चालतात, पण घडी लहान हवी. मोटारीतून येणाऱ्या कुटुंबाला वजनाची फिकीर नसते. पाठ टेकता आली पाहिजे आणि लेकरू खेळताना खुर्ची उलटता कामा नये. चौथे गिऱ्हाईक आपल्याच घरात आहे. इज्तेमाला, लांबच्या प्रवासाला किंवा हज-उमऱ्याला निघालेले वडीलधारे, ज्यांना जमिनीवर बसता-उठता येत नाही, त्यांनाही हलकी बैठक लागते. सायकलवाल्याची खुर्ची या वडीलधाऱ्यांना देणे म्हणजे त्यांच्या गुडघ्यांचा छळ. तेव्हा गिऱ्हाईक दुकानात आले की किंमत सांगण्याआधी विचारावे, 'कशावर नेणार आणि कोण बसणार?'

येथे जास्त वजन देणे हेच मापात पाप

आपण किराण्यात कमी तोलण्याला पाप मानतो. कुरआनातील 'मुतफ्फिफीन' ही सूरत मापात लबाडी करणाऱ्यांना इशारा देऊनच सुरू होते. या खुर्चीच्या धंद्यात मात्र तराजूचे पारडे उलटे आहे. गिऱ्हाईक हलकेपणासाठी पैसे मोजते. चिठ्ठीवर ९०० ग्रॅम लिहून हातात सव्वा किलोची वस्तू दिली, तर आपण त्याला ३५० ग्रॅमला फसवले. माळशेजचा चढ चढताना त्याला ते कळतेच, आणि तो परत आपल्या दुकानात येत नाही.

अनेकदा छापलेले वजन पिशवी सोडून असते, तर कधी नुसत्या सांगाड्याचे असते. म्हणून माल आला की प्रत्येक नमुना पिशवी, दोरी, बुटांसह आपल्याच काट्यावर ठेवावा आणि आलेला आकडा चिठ्ठीवर लिहावा. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, तो हदीसमधील बाजारातला प्रसंग सर्वांना माहीत आहे. मालाचा दोष वर ठेवावा, खाली दडवू नये, हाच त्याचा धडा.

तुलनेसाठी एक माप ध्यानात असू द्या. हेलिनॉक्स या कोरियन नाममुद्रेची 'चेअर झिरो' सुमारे अर्धा किलो भरते आणि १२० किलो भार घेते असे कंपनी सांगते. तिचीच 'चेअर वन' अर्ध्या किलोने अधिक जड, पण १४५ किलोपर्यंत चालते. म्हणजे वजन कमी केले की कुठेतरी ताकद, उंची वा टिकाऊपणा सोडावा लागतो. हलकी, मजबूत आणि स्वस्त या तीनही गोष्टी एका खुर्चीत देतो असे कोणी सांगितले, तर त्याचा माल दोनदा तपासा.

घडीची लांबीही मोजावी. वाकड्या हँडलच्या सायकलीवर दोन बाजूंच्या मध्ये साधारण ४० सेंटिमीटर जागा मिळते. घडी ३५ सेंटिमीटरची असेल तर बसते. ५० ची असेल तर ती सायकलवाल्याच्या कामाची नाही, मग वजन कितीही कमी असो.

सांगाडा पाहताना

पोलाद हे अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असते. म्हणून हलक्या खुर्चीच्या नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. त्यातही जाती आहेत. ७०७५ क्रमांकाच्या मिश्रधातूत जस्त असते. ६०६१ मध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असते. पहिला दुसऱ्यापेक्षा पुष्कळ मजबूत, त्यामुळे नळी पातळ ठेवता येते. पण आमच्या वेल्डर बांधवांनी लक्षात ठेवावे की ७०७५ ला नेहमीच्या पद्धतीने वेल्डिंग केले तर सांध्यापाशी तडा जातो. असली नळी मोडली तर जोडून देण्याचे वचन देऊ नये, बदलूनच द्यावी.

खुर्ची बहुधा नळीत मोडत नाही. ती दोन जागी दगा देते. एक, मधला प्लॅस्टिकचा जोड, ज्यात सगळ्या नळ्या येऊन अडकतात. दोन, कापडाचा कोपरा, ज्यात नळीचे टोक शिरते. जोडाला हात लावून पाहा. नळी घट्ट बसते की खुळखुळते? नळ्यांच्या आतील इलॅस्टिकची दोरी सैल आहे का? घाऊक व्यापाऱ्याला विचारा की हा जोड सुटा मिळतो का. मिळत नसेल तर ती खुर्ची दुरुस्त होणारी नाही, हे धरूनच भाव करा.

कापड आणि शिलाई

कापडावर ६०० डी, २१० डी असे लिहिलेले असते. हे डेनिअर होय, म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. मोटारीने येणाऱ्या कुटुंबासाठी ६०० चे पॉलिस्टर चांगले. सायकलवाल्याला चौकटी विणीचे पातळ नायलॉन हलके पडते. सुती कॅनव्हास बसायला सुखाचे, पण पावसात पाणी पिऊन जड होते आणि ओले गुंडाळले तर त्याला बुरशी लागते. दुसरीकडे, नायलॉन-पॉलिस्टरवर शेकोटीची एक ठिणगी पडली तरी भोक पडते. हेही गिऱ्हाइकाला सांगावे.

शिलाई कामगारांसाठी येथे काम आहे. सुती दोरा वापरू नये; पॉलिस्टर वा नायलॉनचा मजबूत दोरा घ्यावा. चारही कोपऱ्यांना कापडाचा दुहेरी थर द्यावा, त्यावर निवारीची पट्टी टाकावी आणि चौकोन शिवून त्यात फुली मारावी, म्हणजे ताण एका टाक्यावर न येता सगळ्या पट्टीवर पसरतो. कंपनीची खुर्ची कोपऱ्यात फाटली की लोक ती फेकून देतात. असा कोपरा अर्ध्या तासात नवा करून देणारा दर्जी मंचर किंवा नारायणगावात आहे असे एकदा पसरले, तर काम शोधत फिरावे लागणार नाही.

आपली जमीन, आपली परीक्षा

शहरातल्या गुळगुळीत फरशीवर प्रत्येक खुर्ची छान बसते. नाणेघाटाचा कातळ, नारायणगावची काळी माती आणि डिंभ्याच्या काठचा चिखल यांवर खरी परीक्षा होते. बारीक टोकाचे पाय ओल्या मातीत रुततात आणि बसलेला माणूस मागे कलंडतो. त्यासाठी रुंद रबरी बूट किंवा चारही पायांखाली घालायचा कापडी चौकोन लागतो. नाणेघाटाच्या वाऱ्यात रिकामी हलकी खुर्ची उडून दरीत जाऊ शकते. तिला दोरी बांधायची कडी असावी.

विक्रीआधी आम्ही सुचवतो ती परीक्षा साधी आहे. ५० किलोची दोन पोती खुर्चीवर हळूच ठेवा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी चारही कोपरे आणि मधला जोड पाहा. मग स्वतः बसा, डावी-उजवीकडे झुका. माणूस धपकन बसतो तेव्हा त्याच्या वजनापेक्षा अधिक भार पडतो; म्हणून ८० किलोच्या गिऱ्हाइकाला ८० किलोच्या मर्यादेची खुर्ची देऊ नये.

उंचीही पाहा. सायकलवाल्यांच्या खुर्च्या जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर असतात. तरुणाला चालते, साठीच्या माणसाला उठताना हात द्यावा लागतो. वडीलधाऱ्यांसाठी ४० ते ४५ सेंटिमीटर उंची आणि हाताला टेकू हवा.

आणखी एक गोष्ट, जी शहरातला दुकानदार सांगणार नाही. हा बिबट्यांचा मुलूख आहे. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे. उसाच्या कडेला, अंधारात, जमिनीलगत बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा वाटू शकतो. खुर्ची विकताना 'उसापासून लांब, उजेडात, सोबतीने बसा' हे सांगणे आपले कर्तव्य आहे. भीमाशंकर अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, हेही सांगावे.

कारागिरांनी काय बनवावे?

अर्ध्या किलोची खुर्ची गावात बनवण्याच्या भानगडीत पडू नये. त्या नळ्या आणि जोड कारखान्याचेच काम. पण जड खुर्चीत आपला हात चालतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्करी छावणीसाठी एक खुर्ची निघाली. रुडकीच्या लष्करी अभियंत्यांच्या ठाण्यावरून तिला 'रुडकी खुर्ची' म्हणतात. खरादावर काढलेले चार पाय, निमुळत्या खुंट्यांच्या आडव्या दांड्या, ना खिळा ना सरस. बैठक कॅनव्हासची वा चामड्याची. सांधे किंचित सैल असल्याने पाय खडबडीत जमिनीशी जुळवून घेतात आणि माणूस बसला की त्याच्याच वजनाने सांधा आवळतो. वजन पाच किलोच्या आसपास; म्हणजे सायकलीसाठी नव्हे, पण तंबूंचे मुक्काम चालवणाऱ्यांसाठी आणि मोटारवाल्यांसाठी उत्तम. सुतार, खरादी आणि दर्जी तिघांना यात काम मिळते.

त्याहून सोपी ती तिपाई. तीन पाय कोणत्याही जमिनीवर डुगडुगत नाहीत, कारण तीन टेकू नेहमी जमिनीला लागतातच. तीन दांडे, मध्ये एक जोड, वर तिकोनी कापड. सुरुवात तिपाईपासून करावी.

हिशेब

विकण्यापेक्षा भाड्याने देणे अनेकांना जमेल. समजा २५०० रुपयांच्या ६ खुर्च्या घेतल्या. भांडवल १५,००० रुपये. एका रात्रीचे भाडे १०० रुपये. प्रत्येक खुर्ची वर्षात ३० रात्री गेली तर १८,००० रुपये येतील. एक खुर्ची गमावली आणि दुरुस्तीला १५०० लागले असे धरून ४००० वजा करा, उरले १४,०००. म्हणजे भांडवल वर्षभरात जवळजवळ सुटते. पण १५ च रात्री गेल्या तर ९००० येतील, ४००० जातील आणि भांडवल सुटायला तीन वर्षे लागतील. म्हणून व्याजी पैसे काढून पहिल्याच हंगामात पन्नास खुर्च्या भरू नयेत. सहा घ्या, वहीत प्रत्येक रात्र लिहा आणि मग वाढवा.

भाड्याचा करार लेखी असावा. इजाऱ्याच्या नियमाप्रमाणे वापराने होणारी झीज मालकाची आणि हयगयीने झालेले नुकसान घेणाऱ्याचे. हे आधी ठरले तर डिपॉझिट परत करताना वाद होत नाही.

जुन्नर एकेकाळी हातकागदासाठी ओळखले जाई. तो बनवणारे कागजी आपलेच पूर्वज होते. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि तो हुन्नर बसला. बाजार बदलतो तेव्हा कारागिराला दोनच वाटा असतात, बदल ओळखणे किंवा मागे राहणे. आज बाजार आपल्या दारावरून सायकलीवर बसून चालला आहे. त्याला थांबवायला मोठे दुकान लागत नाही. खरे वजन, घट्ट टाका आणि खरा शब्द एवढे पुरे. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.