डबा विकणारा आपलाच असतो

मंचरला माझं मेडिकल आहे. शुगरच्या गोळ्या नेणारं नेहमीचं गिऱ्हाईक अचानक यायचं बंद झालं, की मला पहिली शंका पावडरीच्या डब्याची येते. माझ्या चुलत्यांच्या बाबतीत ती खरी ठरली.

चुलते जुन्नरकडचे, माळकरी. दीर्घायुष्याची पावडर त्यांना दिली भजनी मंडळातल्या मृदंगवाल्या बुवांनी. मग नारायणगावला एका मंगल कार्यालयात मेळावा झाला. शाल-नारळ, सत्कार, आणि ‘माझं इन्सुलिन सुटलं’ म्हणून माइकवर रडणारा एक गृहस्थ. टाळ्या थांबेनात. शंका विचारणाऱ्याला एकच उत्तर: आधी श्रद्धा ठेवा, मग गुण येतो. चुलत्यांनी गोळ्या सोडल्या, वर कमिशनपायी आपल्याखाली चार माणसं जोडली. पुढे पायाची जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. तक्रार मात्र कुणीच केली नाही. बुवांविरुद्ध तक्रार करायची म्हणजे उद्या हरिपाठाला शेजारी कसं बसायचं? हा धंदा याच भिडेवर चालतो.

तो डबा मी दुकानात भिंगाखाली धरला. घटकांत हिरडा, बेहडा, आवळा. म्हणजे त्रिफळाच, जो मीही विकतो. आयुर्वेदाशी माझं वैर नाही. आहुप्याकडचे आदिवासी उन्हात झाडावर चढून बाळहिरडा उतरवतात आणि व्यापारी सांगेल त्या भावाला किलोवर घालतात. तोच हिरडा सोनेरी झाकणाखाली हजारोंना परत येतो. कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की हे औषधी वापरासाठी नाही. डब्यावर अन्नपदार्थाचा चौदा आकडी परवाना असेल तर ते अन्न आहे, औषध नव्हे, एवढं तरी ओळखा.

मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४च्या कायद्यानेच बंदी आहे. पतंजलीच्या जाहिरातींवरून इंडियन मेडिकल असोसिएशन सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२४मध्ये कंपनीला वर्तमानपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली. ऑगस्टमध्ये माफी स्वीकारून न्यायालयाने अवमानाचं प्रकरण मिटवलं. तिथे जाहिरात छापलेली होती, म्हणून पकडता आली. बुवा ओट्यावर चहा पिताना जे बोलले, ते कुठे छापलंय?

म्हणून माझं सांगणं आहे की तोंडी दावा कागदावर मागा. ‘शुगर जाते’ हे सहीनिशी लिहून द्या म्हटलं, की बहुतेक जण विषय बदलतात. पक्कं बिल घ्या. थेट विक्रीच्या २०२१च्या नियमांनुसार ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय विक्रेत्याने घरी येता कामा नये, आणि माणसं जोडण्यावरच कमाई देणारी साखळी चालवायलाही मनाई आहे. नातेवाइकाला नाही म्हणणं जड जात असेल, तर ‘डॉक्टरांना डबा दाखवून सांगतो’ म्हणा. नातंही राहतं, पैसेही.

फसवणूक झालीच असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून बोलता येतं. औषधाचे दावे असतील तर अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज द्या. आणि शुगरची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. ती ज्याने लिहून दिली, त्यालाच आधी विचारा.