एकशे तीन वर्षांची प्रस्तावना

एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा कादंबरीचा पेपर. तीन तास, ८० गुण, वीस-वीस गुणांचे चार प्रश्न. दुसराच प्रश्न माझ्या आवडीचा निघाला : उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील कौतिकच्या झगड्याचे स्वरूप स्पष्ट करा. कादंबरी दोनदा वाचलेली. आजोळ वऱ्हाडातलं, त्यामुळे तिच्यातले संवाद कानातलेच. म्हटलं, आता पंधरा गुण कुठे जात नाहीत.

आणि मी सुरुवात केली १८५७पासून! बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’, मग हरिभाऊ आपटे, मग फडके-खांडेकर, मग ग्रामीण आणि प्रादेशिक यांतला फरक. ‘धग’ आली १९६० साली. ही एकशे तीन वर्षं मी पंचवीस मिनिटांत पार केली, आणि तिसरं पान उलटल्यावर कुठे कौतिक उत्तरात आली. तिच्या वाट्याला वीस मिनिटं उरली होती. पुढचे दोन प्रश्न खुणावत होते, म्हणून तिला पंधरातच गुंडाळलं.

वीसपैकी सात मिळाले. अर्ज करून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. पहिल्या पानावर वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ आणि समासात एकच शब्द : ‘प्रश्न?’ फार राग आला होता. एकही सन चुकलेला नव्हता! ते सन कुणी विचारलेच नव्हते, हे कळायला दोन दिवस गेले.

आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे माझ्याकडे येतात आणि रेघ ओढायची पाळी माझी असते. ‘मराठी साहित्यात या कादंबरीला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ हे वाक्य एका गठ्ठ्यात इतक्यांदा भेटतं की डोळे आपोआप पुढच्या परिच्छेदावर जातात. गाईडमधून पाठ केलेली प्रस्तावना ओळखायची खूण सोपी आहे. कादंबरीचं नाव खोडून तिथे दुसरं कुठलंही घाला. वाक्य तसंच्या तसं उभं राहिलं, तर ते तुमच्या उत्तराचं नाही.

मग त्या दिवशी मी काय लिहायला हवं होतं? आज लिहीन ते असं :

‘कौतिकचा झगडा दारिद्र्याशी आहे, हे उघडच दिसते. पण दारिद्र्याशी झगडायला जे हात लागतात तेच तिला घरात मिळत नाहीत; नवरा महादेव कष्टांना पाठ दाखवतो. त्यामुळे तिला दारात आणि घरात एकाच वेळी झगडावे लागते, आणि घरातली धग तिला अधिक भाजते.’

तीनच वाक्यं. पहिल्यात प्रश्नातला ‘झगडा’ उचलला. ‘स्वरूप’ म्हणजे नुसती गोष्ट सांगायची नाही, हे दुसऱ्यात दिसलं. तिसऱ्याने माझी बाजू सांगितली आणि पुढची वाटही आखली : एक परिच्छेद दाराबाहेरच्या कष्टांचा, एक घरातल्या कोंडीचा, एक शीर्षकाचा. ही वाट तिथेच आखली की मधल्या पानावर ‘आता पुढे काय?’ म्हणून पेन चावत बसावं लागत नाही. मात्र तिसऱ्या वाक्यात जे कबूल केलं ते उत्तरात यायलाच हवं. दणदणीत सुरुवात करून पुढे नुसतं कथानक सांगणारे बरेच असतात; त्यांच्यापेक्षा साधी सुरुवात करणारा बरा.

हे सुचायला वेळ लागतो, म्हणून पहिली चार-पाच मिनिटं उत्तराला हातच लावू नका. आजूबाजूचे पुरवणी मागायला लागले तरी. प्रश्नातला मुख्य शब्द अधोरेखित करा. ‘स्पष्ट करा’, ‘चर्चा करा’, ‘मूल्यमापन करा’ या तिन्हींना एकच उत्तर चालत नाही. मूल्यमापन मागितलं असेल तर तुमचा कौल प्रस्तावनेतच डोकावला पाहिजे. कच्च्या कामाच्या जागी प्रसंगांची चार नावं टिपा, मग पहिलं वाक्य. (जागा सोडून प्रस्तावना शेवटी लिहायची युक्तीही मी एकदा केली. आठ ओळी सोडल्या, भरल्या पाच. पान दात पडल्यासारखं दिसत होतं.)

लोकसेवा आयोगाला मराठी साहित्य घेणाऱ्यांचं गणित आणखी आवळलेलं असतं. तिथल्या दुसऱ्या पेपरच्या अभ्यासक्रमात ‘धग’ नाही, शेळक्यांचं ‘शिळान’ आहे. २५० गुणांना १८० मिनिटं, म्हणजे वीस गुणांच्या उत्तराला जेमतेम चौदा. त्यांत विचाराला दोन आणि प्रस्तावनेला दीड मिनिट मिळालं तरी खूप.

परीक्षेला महिना असेल तर रोज एक जुना प्रश्न घ्या, घड्याळ लावा आणि फक्त प्रस्तावना लिहा. मग कादंबरी न वाचलेल्या मैत्रिणीला ती वाचायला द्या आणि प्रश्न काय असेल, ते तिला ओळखायला सांगा. तिला ओळखता आला नाही, तर दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा घ्या.