जुना कॉम्प्युटर विंडोज 11 पेलेल का? नवा घेण्याआधी करावयाची पारख

विंडोज 10 या कार्यप्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. तेव्हापासून आमच्या कापडबाजारात एकच सवाल वारंवार कानी येतो: पेढीवरचा जुना कॉम्प्युटर आता भंगारात काढायचा का? विक्रेते म्हणतात, काढा. दुरुस्तीवाले म्हणतात, द्या इकडे, दोन तासांत विंडोज 11 घालून देतो. दोघांचेही ऐकण्याआधी मालकाने स्वतः दहा मिनिटे यंत्रासमोर बसावे, असे आमचे मत आहे. कापड घेताना आपण आधी पन्हा पाहतो, सूत पाहतो, मग भाव विचारतो. तोच कायदा येथेही लागू आहे.

पहिली गोष्ट म्हणजे विंडोज 10 त्या तारखेला बंद पडलेले नाही. बिले निघतात, खतावणी उघडते. बंद झाली ती सुरक्षेची मोफत दुरुस्ती. चोरांना नवी फट सापडली तर ती बुजवणारा कोणी नाही. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार, जीएसटीचे विवरणपत्र आणि गिऱ्हाइकांची उधारी आहे, त्याच्यासाठी हा धोका लहान नाही. घरगुती वापराच्या यंत्रांसाठी कंपनीने मुदतवाढीची योजना जाहीर केली, पण तीही 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतचीच. म्हणजे उसंत मिळाली, सुटका नाही.

आता पारख. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये सिस्टिम आणि त्यात अबाउट हे पान उघडावे. प्रोसेसरचे नाव, रॅम आणि यंत्रणा 32 बिटची की 64 बिटची, ही तिन्ही उत्तरे तेथे एकत्र मिळतात. यांत सर्वांत निर्णायक प्रोसेसर, कारण रॅम वाढवता येते, डिस्क बदलता येते, पण जुन्या मदरबोर्डवर नव्या पिढीचा प्रोसेसर सहसा बसत नाही.

इंटेलच्या प्रोसेसरची पिढी आकड्यावरून ओळखावी. आय3-4130 असे लिहिले असेल तर आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा 4, म्हणजे चौथी पिढी. आय5-8400 म्हणजे आठवी. पाच आकडे असतील, जसे आय5-10400, तर पहिले दोन धरावेत, म्हणजे दहावी. विंडोज 11 साठी साधारणपणे आठवी पिढी किंवा तिच्या पुढची लागते. सातव्या पिढीतले अगदी मोजके प्रोसेसर मान्य आहेत. एएमडीच्या रायझनमध्ये 2000 च्या मालेपासून पुढे पाहावे, पण त्या मालेतलेही सगळेच चालत नाहीत. म्हणून रायझन, पेंटियम किंवा सेलेरॉन असेल तर कंपनीच्या यादीत नेमका क्रमांक शोधावा.

येथे बऱ्याच लोकांचा गोंधळ होतो. ते म्हणतात, आमचे यंत्र तर झपाट्याने चालते, मग नापास का? कागदावर वेगाची अट फक्त 1 गिगाहर्ट्झ आणि दोन कोअरची आहे, आणि ती चौथ्या पिढीचा आय3 सहज पुरी करतो. पण अट वेगाची नसून सुरक्षेच्या सोयींची आहे, आणि त्यासाठी कंपनीने जुन्या पिढ्या यादीबाहेर ठेवल्या आहेत. हा निर्णय आम्हाला पटो वा न पटो, हिशेब तो धरूनच करावा लागतो.

दुसरी अट टीपीएम 2.0 ची. ही कॉम्प्युटरमधली एक छोटी तिजोरी समजा. माहिती कुलूपबंद करणाऱ्या किल्ल्या तिच्यात राहतात. विंडोजच्या चिन्हाची कळ दाबून आर दाबावे, आणि उघडलेल्या चौकटीत टीपीएम, टिंब, एमएससी ही इंग्रजी अक्षरे सलग लिहावीत. आवृत्ती 2.0 दिसली तर काम झाले. टीपीएम सापडत नाही असा मजकूर आला तरी निराश होऊ नये. पुष्कळ यंत्रांत ती असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलमध्ये तिचे नाव पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम. चालू करण्याचे काम जाणकाराचे खरे, पण त्याला सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही. नव्या चिपचे पैसे कोणी मागू लागला तर आधी हा सवाल विचारावा.

तिसरी अट यूईएफआय आणि सिक्युअर बूट. त्याच चौकटीत एमएसइन्फो आणि लगेच 32 असे लिहिल्यास बायोस मोड दिसतो. तेथे लेगसी असे असेल तर घाईने बायोसमधली कळ फिरवू नये. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, तर ती आधी जीपीटी करावी लागते. नाहीतर यंत्र सुरूच होत नाही आणि ऐन लग्नसराईत पेढी खोळंबते. डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय या कामाला हात घालू देऊ नये.

रॅम 4 जीबी आणि डिस्क 64 जीबी, एवढी कमीत कमी अट आहे. आमचा तजुर्बा असा की बिलाचा प्रोग्राम आणि ब्राउझर एकत्र चालवायचे तर 8 जीबीखाली जाऊ नये, आणि फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असावी. यंत्र बाकी अटींत पास असेल तर हा खर्च जरूर करावा. नापास असेल तर मात्र विंडोज 11 च्या आशेने करू नये. हे सगळे एकदम तपासणारा पीसी हेल्थ चेक नावाचा कंपनीचाच मोफत प्रोग्राम आहे. त्याचा निकाल आणि आपली नोंद ताडून पाहावी.

पण जी गोष्ट तो प्रोग्राम सांगत नाही, तीच आपल्या धंद्यात अधिक महत्त्वाची. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येते. पेढीवर अजून डॉसच्या जमान्यातला हिशेबाचा प्रोग्राम 32 बिटच्या विंडोजवर चालत असेल, तर तो विंडोज 11 वर थेट चालणार नाही. दहा-पंधरा वर्षांची येणी त्यात अडकली असतील तर त्या आधी बाहेर काढाव्यात, कागदावर छापून घ्याव्यात. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, डिजिटल सहीचे टोकन, डिझाइनच्या सॉफ्टवेअरची डाँगल, या प्रत्येकाचा विंडोज 11 साठीचा ड्रायव्हर मिळतो की नाही, हे ज्याच्या त्याच्या कंपनीला विचारून घ्यावे. यंत्र पास आणि प्रिंटर नापास, असेही होऊ शकते.

सगळे जुळले तर अस्सल विंडोज 10 वरून 11 वर जाण्यास कंपनी पैसे घेत नाही. कोणी परवान्याचे पैसे मागितले तर कशाचे, ते पावतीवर लिहून घ्यावे. डिस्क कुलूपबंद झाली असेल तर तिची 48 आकड्यांची रिकव्हरी की कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी, मुनीमजींच्या मोबाइलमध्ये नव्हे.

नापास यंत्रावर अटी चुकवून विंडोज 11 घालून देणारेही पुष्कळ आहेत. तसे होते, खोटे नाही. पण अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. हिशेबाच्या यंत्रावर हा जुगार आम्ही करू देणार नाही. नापास यंत्राची जागा दुसरी आहे. लूमच्या जॅकार्डला किंवा एम्ब्रॉयडरी मशीनला डिझाइन पुरवणारा कॉम्प्युटर असेल, तर त्याचे इंटरनेट तोडावे आणि तो तसाच चालू द्यावा. तेथे पेनड्राइव्ह लावण्याआधी चांगल्या यंत्रावर तपासून घ्यावा. नुसते ईमेल आणि ब्राउझर लागत असेल तर लिनक्स घालता येते, त्याला पैसे पडत नाहीत. नवे यंत्र घ्यायचे ते फक्त बँक आणि जीएसटीच्या कामापुरते. पाच यंत्रांच्या कारखान्यात एकाने भागते का, हे आधी पाहावे.