पंपाचा धक्का, विहीर आणि पहिली पाच मिनिटे

रब्बीत ग्वाल्हेरच्या आसपासच्या खेड्यांत रात्री-अपरात्री पंप चालू होतात. गव्हाला पाणी देणारा शेतकरी ओल्या पायांनी, अंधारात स्टार्टरला हात लावतो. धक्का बसून माणूस कोसळला की घरचे लोक त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून जयारोग्य रुग्णालयाकडे धाव घेतात. डबऱ्याहून ग्वाल्हेर सुमारे ४० किलोमीटर, भितरवार त्याहून लांब. हृदय थांबल्यावर मेंदूला ४ ते ६ मिनिटांत इजा होऊ लागते. तेव्हा उपचार जागेवरच, आपल्या हातांनी सुरू व्हायला हवा. यालाच सी.पी.आर. म्हणतात. थांबलेल्या हृदयाचे काम बाहेरून छाती दाबून चालू ठेवायचे.

या पद्धतीचा उगमही विजेच्या धक्क्यातच आहे. अमेरिकेत विजेच्या तारांवर काम करणारे मजूर दगावत, म्हणून कूवेनहोवेन नावाच्या विद्युत अभियंत्याने या प्रश्नाचा अभ्यास हाती घेतला. प्रयोग चालू असताना त्याच्या सहकाऱ्याला आढळले की छातीवर नुसता दाब दिला तरी रक्त वाहते. १९६० साली ही पद्धत जगापुढे आली.

आता कृती. प्रथम मेन स्विच बंद करा. वीज चालू असता माणसाला शिवू नका, नाहीतर एकाऐवजी दोघे जातील. मग खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही, श्वास नाही, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच सुरुवात करावी. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. येथेच पुष्कळ जण फसतात आणि वाट पाहत बसतात. रुग्णाला खाटेवर नको, कठीण जमिनीवर उताणे निजवा. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात. कोपर ताठ ठेवून ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सामान्य लोकांसाठी केवळ छाती दाबण्याची सोपी पद्धत ठरवून दिली, ती हीच.

बुडालेल्याची गोष्ट मात्र निराळी. विहिरीतून काढलेल्याला मुख्यतः हवेची गरज असते. म्हणून ज्याने शिकून घेतले आहे त्याने नाक चिमटीत धरून तोंडाने आधी दोन श्वास द्यावेत, मग ३० दाब, पुन्हा दोन श्वास. पोट दाबून पाणी काढत बसू नये. कीटकनाशक पोटात गेलेल्याच्या तोंडाला मात्र तोंड लावू नका, नुसती छाती दाबा.

धक्का बसलेल्याला चिखलात किंवा शेणात पुरणे, कांदा हुंगवणे, तोंडात पाणी ओतणे या साऱ्यांत तीच मोलाची मिनिटे जातात. वीज अंगावर पडलेल्याच्या शरीरात वीज साठून राहत नाही. त्याला शिवण्यास भिऊ नये.

हे वाचून येत नाही, हात बसावा लागतो. रविवारच्या मिस्सानंतर तासभर पुरे. भुसा गच्च भरलेले पोते जमिनीवर ठेवावे, गुडघे टेकावेत आणि प्रत्येकाने पूर्ण दोन मिनिटे दाबून पाहावे. तरणे गडीही घामाघूम होतात! म्हणूनच प्रत्यक्षात दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. पहिला वर्ग परिचारिका भगिनीने किंवा डॉक्टरांनी घ्यावा, कारण चुकीची सवय लागली तर मोडत नाही. काही महिन्यांत हात विसरतो, तेव्हा पेरणीआधी व कापणीनंतर उजळणी ठेवावी.

वर्गाला केवळ पुरुष येतात, ही मला खटकणारी गोष्ट. हृदय बहुधा घरातच थांबते आणि तेथे सून, सासू, शाळकरी मुलेच असतात. बारा वर्षांचे मूलही हे शिकू शकते. परक्या बाईच्या छातीला हात कसा लावायचा, असा संकोच कोणी बोलून दाखवतो. दोन बायका शिकलेल्या असल्या की तो प्रश्नच उरत नाही. रस्त्यावरच्या अपघातात पोलिसांची भीती वाटत असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण आहे.

बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका. रुग्ण हालचाल करून श्वास घेऊ लागेपर्यंत किंवा १०८ ची माणसे त्याला हाती घेईपर्यंत दाबत राहा. श्वास नीट चालू झाला की कुशीवर वळवा आणि जवळच बसा, कारण तो पुन्हा थांबू शकतो.