हप्ता गेल्यावर काय उरतं?

घर घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारतो. "मला कर्ज किती मिळेल?" बँकेत पगाराच्या स्लिपा पाहून एक आकडा सांगतात आणि आपण तोच आपल्या ऐपतीचा आकडा धरून चालतो. मीही गृहकर्ज फेडणाऱ्यांतलाच, त्यामुळे हे शहाणपण जरा उशिराचंच. बँक हिशेब करते तो आपलं कर्ज वसूल होईल की नाही याचा, आणि फ्लॅट तिच्याकडे तारण असतोच. गावाकडे दरमहा किती पाठवावे लागतात, दोघांपैकी एकाचा पगार वर्षभर थांबला तर काय, हे तिने कशाला बघावं? ऐपत कळते ती हप्ता गेल्यावर हातात काय उरतं त्यावरून, आणि तो हिशेब घरीच, डायरी घेऊन करावा लागतो.

पुण्यातला 70 लाखांचा फ्लॅट धरू. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेने किमतीच्या 80 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, म्हणजे फार तर 56 लाख मिळतील. वरचे 14 लाख जमले की झालं, असं वाटतं. पण मेट्रोच्या अधिभारासह मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 4 लाख 90 हजार. (घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे, बऱ्याच घरांत ती आठवते करारनामा टाइप होऊन आल्यावर.) नोंदणी फी 30 हजार. एवढ्या किमतीच्या घराला हे दोन्ही खर्च बँकेला कर्जाच्या हिशेबात धरता येत नाहीत. बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साडेतीन लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीत तो लागत नाही. तोही खिशातूनच भरायचा असेल तर 14 लाखांचे 22 लाख 70 हजार होतात, आणि अजून खिडक्यांना ग्रिल नाही की छताला पंखा नाही. ही तूट भरायला लोक पर्सनल लोन काढतात किंवा दागिने गहाण ठेवतात. घर झेपत नाही याची खूण तिथेच दिसते. फक्त ताबा मिळायच्या आनंदात तिच्याकडे कोणी बघत नाही.

भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे, हा ठरलेला आक्षेप. 56 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता साधारण 48,600 रुपये बसतो. त्यातले पहिल्या महिन्यात 39,667 रुपये निव्वळ व्याज. मुद्दल फिटते नऊ हजारांच्या आतच. पाण्यातच मोजायचे तर दोन्ही मोजा. भाव वाढणारच, हेही खरं असू शकेल, पण वाढलेला भाव त्याच्याच कामाचा, ज्याला घाईने घर विकावं लागत नाही.

त्यापेक्षा वजनदार आक्षेप पगारवाढीचा आहे. हप्ता तोच राहतो, पगार वाढत जातो, पाच वर्षांनी ओझं जाणवतही नाही. आमच्या आधीच्या पिढीतल्या अनेकांचं असंच निभावलं, म्हणून तो उडवून लावता येत नाही. पण हप्ता 'तोच' राहतो हे गृहीत धरू नका. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला. समजा कोणी त्याआधी 40 लाख रुपये पावणेसात टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले होते. हप्ता 30,414. दर सव्वानऊ झाल्यावर नुसतं महिन्याचं व्याजच 30,833 होतं, म्हणजे जुन्या हप्त्यात व्याजही पुरतं निघत नाही. मग हप्ता वाढवा नाहीतर मुद्दलात मोठी रक्कम घाला. म्हणून आजच्या दरात दोन-अडीच टक्के मिळवून हप्ता काढावा आणि तो पेलतो का ते बघावं.

कागदावर मात्र सगळंच पेलतं. म्हणून मी रंगीत तालीम करायला सांगतो. आजचं भाडं 20 हजार आहे, होणारा हप्ता 48,600 आणि सोसायटीचा मेंटेनन्स चारेक हजार. मग फरकाचे 32,600 रुपये पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आरडीत टाकायचे, सलग सहा महिने. त्या सहा महिन्यांत जूनमधली शाळेची फी किंवा दिवाळी यायलाच हवी, नाहीतर तालीम खोटी. मधेच क्रेडिट कार्डाचं बिल पुढे ढकलावं लागलं किंवा आरडी मोडली, तर बजेट 70 लाखांवरून खाली आणा, लांबचा किंवा लहान फ्लॅट बघा, नाहीतर थांबा. आणि सगळं सुरळीत पार पडलं तर जवळपास दोन लाख साठतील. मुद्रांक शुल्काची निम्मी रक्कमही होत नाही ती.