हलव्यावर काटा यावा म्हणून

संक्रांतीचा हलवा दुकानात पुडीत मिळतो. तरी ज्या घरात नव्या सुनेची पहिली संक्रांत किंवा बाळाचं बोरन्हाण आहे, तिथे तो एकदा घरी करून बघावा. घरात आळीपाळीने बसणारे तीन-चार जण मात्र हवेत. एकट्याने करायला गेलात तर दुसऱ्या दिवशी बोटं संप पुकारतात. संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला येते. तेव्हा आठवडाभर आधी सुरुवात करा, दागिने करायचे असतील तर त्याहून आधी. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यामुळे उशीर झाला तरी वाट बंद होत नाही.

साहित्य: पॉलिशचे पांढरे तीळ पाव वाटी, साखर 2 वाट्या, पाणी 1 वाटी, दूध 2 चमचे. कल्हई केलेली पितळी परात उत्तम. नसेल तर जाड बुडाची स्टीलची घ्या. साबुदाणा, मगज बी, डाळं, लवंग यांचाही हलवा होतो. खसखशीचा सगळ्यात नाजूक, पण तो हात बसल्यावर करावा. दुबई-सिंगापूरकरांनी तर खसखशीच्या वाटेलाच जाऊ नये; तिथे ती नेण्यावर बंदी आहे.

साखर-पाणी उकळायला ठेवा. उकळी फुटली की दूध घाला, वर येणारी मळी काढून टाका आणि पाक गाळून घ्या. पुन्हा आटवून, बोटांत जेमतेम एक तार धरू लागला की उतरवा. लोक सगळी काळजी पाकाची करतात. माझ्या मते हलवा बिघडतो तो आचेने आणि घाईने. पाक घट्ट झाला तर चमचाभर गरम पाणी घालून सारखा करता येतो. करपलेल्या साखरेला उपाय नाही.

पूर्वी राख पांघरलेल्या निखाऱ्यांवर परात ठेवत. गॅसवर करताना बर्नरवर जाड तवा, त्यावर परात आणि ज्योत अगदी बारीक ठेवा. परातीच्या बुडाला बोटं सहज टेकवता आली पाहिजेत.

तीळ परातीत कोमट करून त्यावर अर्धा चमचा कोमट पाक सोडा. बोटांच्या पेरांनी, न दाबता, गोल फिरवत राहा. आधी सगळं चिकटेल, गोळे होतील. ते हलक्या हाताने सोडवा. थोड्या वेळात दाणे मोकळे होऊन परातीत खुळखुळू लागतात. तो आवाज आल्याशिवाय पुढचा अर्धा चमचा घालायचा नाही. नियम म्हणाल तर एवढाच, आणि तोच सगळ्यांकडून मोडला जातो.

पहिल्या दिवशी दोनेक तास पुरे. तीळ फक्त पांढरे आणि थोडे गुबगुबीत दिसतील. काटा नाही म्हणून हिरमुसू नका: साखरेवर साखरेचे कण बसत गेले की तो फुटतो, आणि त्याला थर लागतात. तळाशी पिठीसाखर साचते, ती मधूनमधून चाळून काढा, परात पुसून घ्या. ती दाण्यांना चिकटली की काटा बुजतो. रात्री परातीवर पातळ मलमल टाकून ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटे दिसू लागतात. आता हात आणखी हलका, कारण जोरात फिरवलं की तेच काटे मोडतात. पिवळट झाक आली तर आच जास्त आहे. हवा कोरडी आणि गार असेल तर काम सुखाचं; मुंबई-कोकणच्या दमट हवेत पहाटे बसणं बरं. रंग हवा असेल तर शेवटच्या दोन-तीन चमच्यांत केशर मिसळा.

हलवा पूर्ण गार करून काचेच्या कोरड्या बरणीत भरा. दागिन्यांसाठी दाणा सुईने टोचू नका, तो फुटतो. पांढऱ्या दोऱ्यात गाठीच्या फासात एकेक दाणा आवळायचा. मोठे दाणे हाराला, बारीक बांगड्यांना आणि बाळाच्या मुकुटाला. काळ्या साडीवर हे दागिने खुलतात. तयार झाले की ताबडतोब डब्यात बंद करा. मुंग्यांना बातमी आधी लागते. चाळून काढलेली पिठी चहात घाला.