बालकांचे लंगोट : कापडाची निवड आणि निगा

बालसंगोपनात आहार, लसीकरण आणि स्वच्छता यांना सारखेच महत्त्व आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींविषयी घरोघरी बरीच जागृती झालेली दिसते. स्वच्छतेचा विचार मात्र पुष्कळदा बालकाच्या आंघोळीपाशी येऊन थांबतो. वस्तुतः एक ते तीन वर्षे वयाचे मूल दिवसरात्रीचा मोठा भाग लंगोटात घालविते. तो लंगोट कोणत्या कापडाचा आहे, तो कसा धुतला जातो आणि कोठे वाळतो, यावर त्या मुलाच्या त्वचेचे, आणि बऱ्याच अंशी साऱ्या कुटुंबाचे, आरोग्य अवलंबून असते.

बाळंतविड्यात झबली, टोपरी आणि दुपटी यांच्या जोडीला लंगोट देण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. आजीच्या मऊ लुगड्याची किंवा आजोबांच्या धोतराची बाळोती कितीतरी पिढ्यांनी वापरली. गेल्या काही दशकांत वापरून फेकून देण्याचे तयार डायपर शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले. प्रवासात किंवा आजारपणात त्यांची सोय होते, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि दररोजचा खर्च आणि साठत जाणारा कचरा पाहून अनेक तरुण मातापिते आता पुन्हा कापडी लंगोटाकडे वळत आहेत. सुती लंगोटावर घालावयाच्या लोकरी चड्डीविषयीही काहींनी ऐकलेले असते. अशा कुटुंबांनी एक गोष्ट आरंभीच लक्षात घेतली पाहिजे. लंगोट केवळ कापडी आहे म्हणून हितकर ठरत नाही. तो वेळेवर बदलला, नीट धुतला आणि पूर्ण वाळविला, तरच त्याचा लाभ मिळतो.

कचऱ्याचा आणि इंधनाचा हिशेब

तयार डायपरमध्ये द्रव शोषून धरणारी रासायनिक पूड असते आणि बाहेरून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. हा पापुद्रा मातीत कुजत नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी वापरलेल्या डायपरचा समावेश सॅनिटरी कचऱ्यात केला आणि तो नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी कुटुंबावर टाकली. विष्ठेसह नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकलेला डायपर हा सफाई कर्मचाऱ्यांच्या आरोग्यालाही धोका असतो.

कापडी लंगोटालाही पाणी, साबण आणि इंधन लागतेच. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी अभ्यासात मुलाच्या पहिल्या अडीच वर्षांचा हिशेब मांडला होता. वापरून फेकावयाच्या डायपरमुळे सुमारे ५५० किलो, तर कापडी लंगोटांमुळे सुमारे ५७० किलो कार्बन डायॉक्साइड वातावरणात जातो, असे त्यात आढळले. म्हणजे दोहोंत फारसा फरक नव्हता. परंतु लंगोट यंत्रात न वाळविता दोरीवर वाळविले, धुण्याचे यंत्र पूर्ण भरून चालविले आणि तेच लंगोट दुसऱ्या अपत्यालाही वापरले, तर कापडी लंगोटांचा आकडा सुमारे २०० किलोंनी खाली येतो, असेही त्याच अभ्यासाने दाखविले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या अभ्यासात कापडी लंगोटांचा भार सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळला. आपल्याकडे ऊन भरपूर आहे आणि थोरल्याचे कपडे धाकट्याला घालण्यात कोणी कमीपणा मानीत नाही. या दोन्ही गोष्टी येथे उपयोगी पडतात.

कापड कसे निवडावे

तान्ह्या बाळाच्या मानाने चालू लागलेले मूल एका वेळी अधिक लघवी करते. ते धावते, बसते, घसरते. म्हणून त्याचा लंगोट अधिक शोषणारा, पण जाड गाठोड्यासारखा नसलेला असावा. रोजच्या वापराला सुती कापडासारखे दुसरे कापड नाही. धुऊन मऊ झालेले जुने धोतर किंवा सुती साडी उत्तम. नवे घ्यावयाचे असल्यास मलमलीच्या अनेक पदरी घड्या, सुती फलाटीण किंवा टॉवेलचे कापड घ्यावे. नवे मांजरपाट खळीमुळे ताठ असते. कोऱ्या सुती धाग्यावर नैसर्गिक मेणाचा अंशही असतो. त्यामुळे नवे कापड आरंभी पाणी नीट शोषीत नाही. गरम पाण्यात चार-पाच वेळा धुतल्यावरच ते वापरात आणावे.

रात्रीसाठी लंगोटात सुती कापडाची आणखी एक लांबट घडी घालावी. कृत्रिम धाग्याचे कापड थेट त्वचेला लागू देऊ नये. रंग जाणारे कापड, जर आणि टोचणारी शिवण टाळावी. सेफ्टी पिनेऐवजी कापडी बंद किंवा टिचबटणे असावीत. कमरेत दोन बोटे सहज सरकावीत आणि मांड्यांवर वळ उठू नयेत, एवढे माप योग्य समजावे. लंगोटामुळे मुलाच्या मांड्या किंचित फाकलेल्या राहिल्या तरी हरकत नसते. पाय आवळून सरळ बांधणे मात्र खुब्याच्या सांध्याला अपायकारक असते.

या वयाच्या मुलाला दिवसरात्रीत साधारणपणे सहा ते आठ लंगोट लागतात. रोज धुणे होत असेल, तर पंधरा लंगोट पुरेसे होतात. पावसाळ्यात ही संख्या वीस-पंचवीसपर्यंत न्यावी.

लोकरीचे आच्छादन

सुती लंगोट लघवी शोषतो, पण ओल बाहेर येऊ देतो. यासाठी वरून प्लॅस्टिकची चड्डी घालण्याचा प्रघात आहे. तिने अंथरूण कोरडे राहते, परंतु हवा खेळत नाही आणि त्वचा आतल्या आत भिजत राहते. लोकरीचा गुण येथे उपयोगी पडतो. आपल्या माळरानावरील धनगर पावसात डोक्यावरून घोंगडी घेतो आणि मेंढरांमागे चालत राहतो. लोकरीच्या तंतूच्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब सहसा ठरत नाही, पण वाफेच्या रूपातील ओल तंतू आत घेतो. स्वतःच्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश ओल घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. मेंढीच्या अंगावरील लॅनोलिन नावाच्या मेणाचा अंश राखलेला असेल, तर पाणी परतविण्याची ही शक्ती वाढते. म्हणून घट्ट विणीची लोकरी चड्डी ओल रोखून धरते आणि हवाही खेळती ठेवते.

घोंगडीची लोकर मात्र या कामाची नव्हे. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते आणि मुलाच्या नाजूक त्वचेला बोचते. चड्डीसाठी मेरिनोसारखी मऊ लोकर घ्यावी आणि तीही सुती लंगोटाच्या वरून घालावी. दुसरी सावधगिरी दुकानात घ्यावयाची. आपल्याकडे विणकामाच्या कोणत्याही मऊ धाग्याला लोकर म्हणण्याची सवय आहे. बाजारातील त्यांपैकी पुष्कळसा धागा अॅक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम असतो. त्याची चड्डी ऊब देईल, पण ओल रोखणार नाही. धाग्याचा लहान तुकडा मुलांपासून दूर, चिमट्यात धरून जाळून पाहावा. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे बोटांनी चुरडता येणारी राख उरते. अॅक्रिलिक वितळते आणि त्याची कठीण गाठ बनते.

लोकरी चड्डी ही चैनीची नव्हे, तशीच अनिवार्यही नव्हे. थंडीच्या रात्री आणि डोंगराळ भागात तिचा उपयोग अधिक होतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दिवसा साधा सुती लंगोट पुरेसा असतो. लोकरीने मुलाच्या अंगावर पुरळ उठत असल्यास तिचा वापर थांबवावा.

धुण्याची पद्धत

लहान मुलाची शी निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. तिच्यातही अतिसाराचे आणि जंतांचे बीज असू शकते. म्हणून लंगोटातील शी प्रथम शौचालयातच टाकावी. विहीर, हातपंप किंवा ओढा यांच्या काठी लंगोट खळबळू नयेत. काम संपताच हात साबणाने धुवावेत. घरातील ज्या व्यक्तीने लंगोट बदलला, तिनेच लगेच स्वयंपाकाला लागणे टाळावे. आधी हात, मग भाकरी.

मळलेले लंगोट प्रथम थंड पाण्यातून काढावेत. आरंभीच गरम पाणी वापरल्यास डाग पक्के बसतात. नंतर ते झाकणाच्या कोरड्या बादलीत ठेवावेत. पाण्याने भरलेल्या बादलीत लंगोट भिजत घालून ती मुलाच्या वाटेत ठेवू नये. चालू लागलेले मूल वितभर पाण्यातही बुडू शकते.

धुण्यासाठी बंबातील कढत पाणी आणि धुण्याची पावडर वापरावी. यंत्रात धुताना ६० अंश सेल्सिअस तापमान ठेवावे. कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते आणि त्यात साबणाचा साका कापडात बसतो. अशा ठिकाणी साबणापेक्षा पावडर बरी. शेवटच्या पाण्यात फेस दिसेनासा होईपर्यंत कापड खळबळावे, कारण उरलेली पावडर त्वचेची आग करते. कपडे मऊ करणारी सुगंधी द्रव्ये वापरू नयेत. त्यांचा थर बसून कापडाची शोषणशक्ती घटते. धुतलेल्या लंगोटालाही अमोनियाचा उग्र वास येत असेल, तर धुणे अपुरे झाले असे समजावे. कापड कडक उन्हात वाळवावे.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ऊन दिवसेंदिवस मिळत नाही. अशा वेळी लंगोट घरातील वलणीवर एकमेकांवर न घालता सुटे पसरावेत, पंख्याचा वारा द्यावा आणि शेवटी इस्त्री फिरवावी. चुलीच्या किंवा शेगडीच्या अगदी जवळ कापड टांगल्याने आगीचा धोका असतो. अर्धवट ओला लंगोट मुलाला बांधण्यापेक्षा त्या दिवशी तयार डायपर वापरणे अधिक शहाणपणाचे ठरते.

लोकरीची निगा

लोकरी चड्डी रोज धुण्याची गरज नसते. वापरानंतर ती हवेशीर जागी पसरावी. शी लागली नसेल आणि वास येत नसेल, तर दोन-तीन आठवड्यांनी धुतली तरी चालते. तिला गरम पाणी, घासणे आणि जोराने पिळणे या तीन गोष्टी वर्ज्य आहेत. त्यांमुळे लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात, चड्डी आटते आणि जाड होते. कोमट पाण्यात सौम्य साबण किंवा रिठ्याचे पाणी घालून ती हलक्या हाताने दाबावी. विरंजक पावडर कधीही वापरू नये, कारण ती लोकर खाऊन टाकते.

ओल बाहेर येऊ लागली, की चड्डीला पुन्हा लॅनोलिन द्यावे. शुद्ध लॅनोलिन अर्धा चहाचा चमचा घेऊन कपभर गरम पाण्यात सौम्य साबणाच्या दोन-चार थेंबांसह दुधाळ होईपर्यंत ढवळावे. हे मिश्रण कोमट पाण्यात ओतून त्यात चड्डी काही तास बुडवून ठेवावी. नंतर ती टॉवेलात गुंडाळून दाबावी आणि सावलीत आडवी पसरून वाळवावी.

डांबर गोळ्यांचा धोका

लोकरीला कसर लागू नये म्हणून ट्रंकेत डांबर गोळ्या टाकण्याची सवय सर्वत्र आहे. लहान मुलांच्या कपड्यांत त्या कदापि ठेवू नयेत. या गोळ्या बहुधा नॅप्थलिनच्या असतात. जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांत नॅप्थलिनमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. त्यामुळे कावीळ आणि तीव्र रक्तक्षय होऊन प्रसंगी जिवावर बेतते. आपल्या मुलात ही कमतरता आहे किंवा नाही, हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. शिवाय पांढरी गोळी खडीसाखर समजून मूल ती तोंडात घालण्याचा संभव असतो. लोकर स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांसह ठेवावी आणि अधूनमधून बाहेर काढून झटकावी.

त्वचेची काळजी

उत्तम लंगोटही फार वेळ ओला राहिला तर अपाय करतो. शी झाल्याबरोबर आणि एरवी दर दोन-तीन तासांनी लंगोट बदलावा. त्वचा साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावी, घासू नये. पावडर फुंकू नये, कारण तिचे कण मुलाच्या श्वासात जातात. दिवसातून काही वेळ मुलाला लंगोटाविना मोकळे ठेवावे. किंचित लाली असल्यास झिंक ऑक्साइडचे मलम उपयोगी पडते. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, लाल चट्ट्याभोवती बारीक पुटकुळ्या उठल्या, फोड आले किंवा ताप भरला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. घरातील कोणतेही मलम परस्पर लावू नये, कारण काही मलमांत नाजूक त्वचेला घातक अशी तीव्र औषधे असतात.

दीड-दोन वर्षांच्या सुमारास मूल ओलेपणाची जाणीव बोलून किंवा खुणेने दाखवू लागते. लंगोट काही वेळ कोरडा राहू लागला, म्हणजे त्याला ठरावीक वेळी शौचाला बसविण्याची सवय लावावी. रागावणे किंवा इतर मुलांशी तुलना करणे यांचा उपयोग होत नाही. ही सवय एकट्या आईने लावावयाची नसून वडील, आजीआजोबा आणि घरातील इतरांनीही त्या कामात वाटा उचलावयाचा आहे. लंगोट धुण्याचा सगळा भार एकीवर पडला, तर कापडी लंगोटाचा संकल्प फार काळ टिकत नाही.

महिला बचत गटांना जुन्या सुती कापडाचे लंगोट शिवण्याचा उद्योग थोड्या भांडवलात करता येण्याजोगा आहे. अंगणवाडीतील माता-पालकांच्या बैठकीत धुण्याची योग्य रीत आणि डांबर गोळ्यांचा धोका या दोन गोष्टी सांगितल्या गेल्या, तर त्या अनेक घरांपर्यंत पोचतील. मऊ कापड, भरपूर पाणी, स्वच्छ हात आणि कोवळ्या वयाला पुरेल एवढे ऊन, एवढ्या सामग्रीवर मुलाची त्वचा निरोगी राहू शकते. ही सामग्री बहुतेक घरांच्या आवाक्यातील आहे. गरज आहे ती रोजच्या निगेची.